चौथीचं नाव

धायरी, पुणे
२ ऑगस्ट १९९९

प्रिय संजय,

सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक. डॉक्टरांच्या मते काळजीचं काही कारण नाही, माझ्या मते आहे. फोनवर सांगता येत नाही, कारण फोन अण्णांच्या खुर्चीला खेटून आहे आणि बोलायचं आहे ते तुझ्या अण्णांबद्दलच.

जुळं आहे हे कळल्यापासून ते फार खुशीत आहेत. मोठी मैत्री, धाकटी करुणा. बुद्धांनी सांगितलेले मनाचे थोर भाव, म्हणजे ब्रह्मविहार, चार; तेव्हा त्यांच्या हिशेबी दोन जागा रिकाम्याच होत्या. काल जेवताना त्यांनी जाहीर केलं की मुली झाल्या तर एक मुदिता आणि दुसरी उपेक्षा. मुलगे झाले तर, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते ऐनवेळी बघू.

मुदिता छानच आहे. पण उपेक्षा? मला कळतं रे, पालीत त्याचा अर्थ वेगळा आहे. सुखात उतू नये, दुःखात खचू नये, असं मन. पण मी रोज बेचाळीस पोरांची हजेरी घेते. पोरं पालीतून चिडवत नाहीत. चौथ्या मुलीचं नाव उपेक्षा ठेवलं तर लोक काय समजतील? लोकांचं जाऊ दे, ती स्वतः मोठी झाल्यावर काय समजेल?

तू अण्णांशी बोल. सुनेनं विषय काढला तर तो उद्धटपणा, लेकानं काढला तर ती चर्चा. मैत्री आणि करुणा तुला पापे पाठवतायत. लोभ आहेच, तो असू दे, आणि उत्तर लवकर पाठव.

तुझी
रुपाली

---

न्यू जर्सी
१७ ऑगस्ट १९९९

प्रिय रुपाली,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं.

बाळं अजून यायची आहेत आणि बाईंनी त्यांची हजेरीसुद्धा घेऊन टाकली! मुलगे झाले तर सगळं मुसळ केरात. इथे आम्ही पन्नास जण जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं चार आकडी करत बसलो आहोत. नाहीतर म्हणे एक जानेवारीला सगळी यंत्रं समजतील की एकोणीसशे साल उजाडलं. तोवर सुट्टीचं नाव काढता येत नाही.

अण्णांचं म्हणशील तर खरं सांगतो, त्यांच्यापुढे अजून माझी बोबडी वळते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते विहारात दर रविवारी हे ब्रह्मविहारच शिकवतात. कागदावर त्यांचं नाव राहू दे, हाक मारायला आपण पिंकी किंवा असंच काही ठेवू. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. नीट जेव, पाय वर करून बस.

आहे तेवढाच लोभ राहू दे, रागावून कमी करू नकोस.

तुझा
संजय

---

दवाखाना, पुणे
२१ सप्टेंबर १९९९

प्रिय संजय,

सप्रेम जयभीम.

बारा तारखेला दोन्ही मुलीच झाल्या हे फोनवर कळलंच आहे. जे फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. पहिली सव्वादोन किलोची, माझ्याजवळ आहे. दुसरी जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत आहे. तिच्या पायाला चिठ्ठी बांधली आहे, त्यावर लिहिलंय, जुळं दोन. मला सारखं वाटतं की नाव नसलेलं पोर टिकून राहायला कशाला धडपडेल? आणि लगेच वाटतं, ते नाव मिळण्यापेक्षा चिठ्ठीच बरी. असं काहीबाही मनात येतं.

अण्णा रोज दोन बस बदलून येतात. काचेबाहेर उभे राहून उपेक्षा, उपेक्षा अशी हाक मारतात. इतक्या मायेनं मारतात की मला तोंड उघडवत नाही. काल इथली आया ते ऐकून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली की चौथी पण पोरगीच, म्हणून ठेवलं का हो हे नाव? मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तुझी पिंकी दाखल्यावर चालणार नाही, की दहावीच्या गुणपत्रिकेवर. सतरा ऑक्टोबरच्या रविवारी विहारात नामकरण आहे. साऱ्या जगाच्या यंत्रांची काळजी वाहतोस, या एका पोरीची वाहा. तू बोलला नाहीस तर मी बोलेन, मग घरात काय व्हायचं ते होवो.

लोभ मागत नाही, पत्र मागते.

रुपाली

---

धायरी, पुणे
९ ऑक्टोबर १९९९

चि. संजय यास,

अनेक आशीर्वाद व जयभीम.

आपले पत्र पावले. अमेरिकेत जाऊन आपणांस मराठी शब्दांचे अर्थ उमगू लागले, हे वाचून धन्य झालो. लोकांनी बिघडवलेले शब्द टाकून द्यायचे ठरवले तर बोलायला फार थोडे उरतील. उपेक्षा हा चौथा ब्रह्मविहार आहे आणि चौघांत सर्वांत अवघड. पहिल्या तिघी बहिणी तिच्यावाचून अपुऱ्या. तीन पायांची खाट कोणी विणत नाही.

धाकटी आता एक किलो आठशे ग्रॅम झाली. मी हाक मारली की डोळे उघडते. तिची हेळसांड होते असे ज्यास वाटते त्याने येऊन पाहावे, विमाने चालू आहेत. सूनबाई चार दिवस माझ्याशी मोजके बोलतात, त्याचे कारण आता कळले. तुझी आई मात्र या विषयावर अवाक्षर काढत नाही, म्हणजे तिला पटले आहे.

प्रकृतीस जपावे.

तुझे
अण्णा

---

धायरी
१८ ऑक्टोबर १९९९

चि. संजूस आईचा आशीर्वाद आणि जयभीम.

माझ्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नको. काल नामकरण झालं. धाकटी शुक्रवारीच घरी आली. अजून चिमणीएवढी हाय, पण दूध चांगलं ओढती. काळजी करू नको.

अण्णांनी तुला लिवलं की मला पटलं हाय. मला कुणी इचारलंच न्हवतं. मग परवा मीच त्यांना इचारलं की अहो, उपेक्षा म्हंजी नेमकं काय? ते तासभर बोलले. सुखदुःख सारखं, आपला-परका सारखा, कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई. मी म्हणलं, मग समता म्हणा की. ते म्हणाले, चार शब्द परंपरेनं आलेत, त्यातला एक बदलता येत न्हाई.

तवा मी बोलले. लग्नाला चौतीस वर्सं झाली, कधी बोलले न्हवते ते बोलले. आम्ही बहिणी चौघी. सोना, मोता, पवळा आणि मी. चौथी पण पोरगीच, म्हणून माझं नाव नकुसा ठिवलं. आईबापानं मारलं न्हाई, उपाशी ठिवलं न्हाई, माया केली. पण हाक मारली की साऱ्या आळीला कळायचं, ही नको हुती. मी अण्णांना म्हणलं, तुमी काचेबाहेरनं मायेनंच हाक मारता. माझा बा बी मायेनंच मारायचा.

ते उठून गच्चीवर गेले. जेवायला बोलावलं तरी खाली आले न्हाईत. रुपाली घाबरली, मी बी घाबरले. काल विहारात नाव सांगायची वेळ आली. अण्णा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, मैत्री, करुणा, मुदिता, समता. रुपाली माझ्या गळ्यात पडून रडली.

घरी आल्यावर अण्णांनी मला इचारलं, मग हिरा नाव तुझं कुणी ठिवलं? मी सांगितलं. छप्पन सालानंतर आमच्या घरानं धम्म घेतला, तवा बानं मला शाळेत नेलं. बा दाराबाहेर थांबला. मास्तरांनी मला नाव इचारलं. तोवर मला कुणी नाव इचारलं न्हवतं, सगळ्यांना ठावंच असायचं. सोना, मोता, पवळा, यांच्या शेजारी शोभंल असं एक नाव मी लई दिसांपासनं मनात धरून ठिवलं हुतं. तेच सांगितलं.

येळेवर जेवत जा. सवड काढून लेकींना बघून जा.

तुझी आई
हिरा