चार पर्याय आणि एक चालायचंच

४ मार्च, सोमवार
निवृत्तीनंतर प्रथमच कुणाला तरी माझी गरज पडली. अडचणींची सरकारी पाहणी! घरोघर जायचं आणि प्रत्येकाला सहा प्रश्न विचारायचे. दिसायला, ऐकायला, चालायला, आठवायला, स्वतःचं आवरायला, दुसऱ्याला आपलं म्हणणं सांगायला अडचण होते का? उत्तरं चारच: अडचण नाही, थोडी, खूप, जमतच नाही. ‘अपंग’ शब्द तोंडातून काढायचा नाही. तो ऐकला की माणसं ‘आमच्यात तसं कुणी नाही’ म्हणून दार लावतात आणि आकडे खोटे पडतात. पर्यवेक्षक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, काका, प्रश्न छापलाय तसाच वाचा, चेहरा बघून उत्तर ठरवू नका, आणि ज्याचं त्यालाच विचारा. मी नम्रपणे मान डोलावली. हयातभर पोरांना कविता शिकवल्या, आता मला वाचायला शिकवतायत.
प्रश्न फार रुक्ष. ना यमक, ना यती.
घरी आलो तर ही म्हणाली, अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांचं राहिलंच की. मी तिच्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या. पाहणी संपली की पहिलं काम तेच. संकल्प.

५ मार्च
शिंप्याच्या घरापासून श्रीगणेशा. शिंपीणबाईंना चष्मा नाही, म्हणून छापील प्रश्नातले ‘चष्मा लावूनही’ हे शब्द गाळले आणि विचारलं, तुम्हाला दिसायला अडचण आहे का? बाईंच्या हातातली कात्री थांबली. दिसायला काय वाईट आहे हो मी? संसारात ह्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, तुम्ही कोण टिकोजीराव? शिंपी आतून हसत होता. त्यालाही बोलणी बसली. दार बंद.
दोष प्रश्नाचा. मराठीत ‘दिसायला’ दोन तोंडांनी बोलतं, हे गद्य लिहिणाऱ्यांना काय कळणार?

६ मार्च
सकाळी फिरताना उपाय सुचला. सहाही प्रश्न एका दमात:

डोळां ज्योत अन् कानी नाद,
पायी बळ अन् स्मृतीस साद,
हातां काम अन् ओठी बोल,
सारे आहे ना अनमोल?

‘थोडी’ आणि ‘खूप’ वृत्तात बसेनात. गाळले. लोक प्रसन्न होतात, हो हो म्हणतात. एका आजींनी तर टाळी दिली. दुपारपर्यंत एक अख्खी गल्ली उरकली.
गल्लीच्या टोकाला निवृत्त पोस्टमन. पायरीवर बसलेला, गुडघे गाडग्यासारखे. कविता म्हटली. तो बघत राहिला. मी मुद्दाम, नियमाला धरून, पुन्हा विचारलं, चालायला अडचण? म्हणाला, चालायचंच, मास्तर.
चालायचंच! केवढी जिद्द. ‘अडचण नाही’वर खूण केली. निघताना मागे वळून पाहिलं तर गडी बसल्या बसल्याच एकेक पायरी सरकत वर चालला होता. तेवढं जरा टोचलं. पण चेहरा बघून उत्तर ठरवू नका, हे बाईंनीच सांगितलंय. मग गुडघे बघून तरी कसं ठरवायचं?

७ मार्च
आज स्वतःच्या घराची पाळी. ज्याचं त्यालाच विचारा, हा नियम. पण ही स्वयंपाकघरात होती, तिला कशाला उठवा? मीच जेवणाच्या टेबलावर भरून टाकलं. नवरा-बायको म्हणजे एक जीव. तरी न्यायाला धरून इथूनच हाक मारली, काय गं, सगळं ठीक ना? ही म्हणाली, चालायचंच.
पहिल्या प्रश्नाशी पेन जरा अडखळलं. शाई संपत आली असावी. झटकून खूण केली. अडचण नाही.
जेवण गेलं नाही.

९ मार्च
नव्या कवितांची सुवाच्य प्रत करून हिच्या हातात दिली. पूर्वी हीच माझी पहिली वाचक. लग्नानंतर पहिल्या वर्षी तर तिने माझं एक अडलेलं यमक सोडवलं होतं, भाकरी थापता थापता. खिडकीशी बसून तिने सावकाश पानं उलटली. म्हणाली, छान झाल्यात. शेवटची तर मनाला फार लागली.
संध्याकाळी बघतो तर कविता माझ्याच पिशवीत! हिला दिली होती पाहणीची सूचना-पुस्तिका. शेवटच्या पानावर कार्यालयाची वेळ आणि जेवणाची सुट्टी.
प्रथम चमकलो. मग लक्षात आलं, रसिकता यालाच म्हणतात. जिच्या कानात आयुष्यभर कविता घुमली, तिला रुक्ष गद्यातही लय सापडते. तिला हे सांगितलं नाही. संकोचली असती.
पुस्तिका उलटी धरली होती का? उजेडच कमी होता तेव्हा.

११ मार्च
हिने चहा कपाच्या उजवीकडे ओतला. थेट टेबलावर. मग तव्यावर हात. मी म्हणालो, लक्ष कुठे असतं तुझं? मलम लावताना ती हसली आणि म्हणाली, तुमच्या कवितेत. खूश झालो. मग फोड बघितला आणि खुशी ओसरली. हल्ली दाराच्या चौकटीलाही धडकते. चौकट अरुंदच आहे म्हणा.
पाहणी गुरुवारी संपते, डॉक्टरांकडे त्यानंतर नक्की. आधी हातातलं राष्ट्रीय काम. तिने विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मार्च
पर्यवेक्षक बाईंचा फोन. म्हणाल्या, काका, तुमच्या तिन्ही गल्ल्यांत एकालाही कसलीच अडचण नाही? देवलोक आहे का तिथे? मी म्हणालो, आपल्या शब्दांनी भरून पावलो. पलीकडे बराच वेळ शांतता. बहुधा गहिवरल्या. मग म्हणाल्या, परवा मी स्वतः येते. काही घरं पुन्हा विचारणार. चिठ्ठ्या टाकून निवडलीत, त्यात तुमचंही आहे.
फेरतपासणी म्हणजे गौरवच.
हिला सांगितलं, बाई येतील, नीट उत्तरं दे. ही म्हणाली, नीट म्हणजे कशी? मी सूचना-पुस्तिका शोधायला लागलो.

१५ मार्च
बाई आल्या. आधी पोस्टमन. त्यांनी छापील प्रश्न छापला होता तसाच वाचला, सपाट आवाजात. चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण होते का? नाही, थोडी, खूप, की जमतच नाही? तो लगेच म्हणाला, खूप. बाईंनी विचारलं, मग आधी तसं का नाही सांगितलंत? तो म्हणाला, मास्तर कविता म्हणत होते हो, मध्येच कसं तोडायचं? रंगाचा बेरंग झाला असता. नंतर विचारलं तेव्हा म्हटलं चालायचंच, म्हातारपण आहे. तर त्यांनी खूणच केली.
बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पायऱ्यांकडे.
मग आमचं घर. दिसायला अडचण, म्हणताच मी म्हणालो, छे छे. बाईंनी हात वर केला. काका, काकूंना बोलू द्या.
ही म्हणाली, खूप.
चष्मा लावूनही?
हो.
कधीपासून?
गेली थंडी पडायच्या आधीपासून. उजवीकडचं तर जवळजवळ नाहीच.
मग घरातलं कसं करता?
सवयीने. चहा डावीकडच्या डब्यात, साखर उजवीकडच्या. तेवढं ह्यांनी डबे हलवले की घोटाळा होतो.
मला उगाच भिंतीवरचं घड्याळ पुसावंसं वाटलं. पाठ करून पुसत राहिलो. मागून बाईंनी विचारलं, आणि काका? ऐकायला अडचण आहे का त्यांना? ही म्हणाली, ऐकत नाहीत. म्हणजे कानांनी? नाही हो, कान चांगले आहेत. बाई म्हणाल्या, काकू, हे माझ्या पर्यायांत नाही. दोघी हसल्या.
घड्याळ फार स्वच्छ झालं.

१६ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. मी म्हणालो, मोतीबिंदू ना? ऑपरेशन करून टाकू. ते म्हणाले, मोती नाही, काच. उजव्या डोळ्यातलं गेलं ते परत येणार नाही. डाव्यातलं टिकेल, पण सकाळ-संध्याकाळ थेंब, न चुकता, कायमचे. मग माझ्याकडे वळून, इतका उशीर कसा केलात? मी ‘राष्ट्रीय काम’ म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच ही म्हणाली, चालायचंच हो डॉक्टर.
हिच्या पहिल्या प्रश्नावरची ती खूण मीच केली होती. दोन अक्षरी शब्द, ‘नाही’. लघू-गुरू बघायची सवय, माणूस बघायची नाही.
संकल्प: थेंब मीच घालणार. दोन्ही वेळा. स्वतःच्या हातांनी. बाकी सगळं नंतर.

१७ मार्च
दोन्ही वेळचे थेंब घातले. एक थेंब गालावर गेला. ही म्हणाली, रडवता की काय. आता हेच जीवनकार्य. शिंपीणबाई हिला भेटायला आल्या होत्या. माझ्याशी अबोला.

१८ मार्च
सकाळी बाटली हातात घेतली आणि ‘थेंब’ला यमक शोधायला जरा गॅलरीत उभा राहिलो. अवघड शब्द. ‘बिंब’ चालत नाही, ‘कोंब’ही नाही. बराच वेळ गेला असावा. आत आलो तर माझ्या हातातली बाटली शिंपीणबाईंनी काढून घेतली. म्हणजे त्या मघापासून येऊन बसल्या होत्या. एका थेंबात डोळा गाठला. सुईत दोरा ओवणारा हात. म्हणाल्या, उद्यापासून मीच येत जाईन, काकू. मास्तरांना दिसायला अडचण आहे.
त्या गेल्यावर मी हिला म्हणालो, उद्या मीच घालतो, अगदी नक्की.
ही म्हणाली, चालायचंच.
चारांपैकी कुठला पर्याय, ते विचारायचा धीर झाला नाही.