आईच्या लुगड्याचे काठ

भोसरी,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. नवनाथ,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मिनलचा खोकला थांबला का? फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहायलाच बसले.

आमच्या कचरा निवडायच्या शेडचं काही खरं नाही. दारोदार फिरून सुका-ओला कचरा वेगळा करायला शिकवलं, लोक ऐकायलाही लागले, आणि तरी शेडमध्ये पुठ्ठा-प्लास्टिक येतं ते कमीच. महापालिकेने पुनर्वापराचं उद्दिष्ट दिलंय. ते गाठलं नाही तर शेड काढून घेणार, म्हणजे आम्हा सगळ्याजणींचं काम गेलं. माझ्यासोबत कचरा निवडणाऱ्या दुर्गाबाई तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आगं, सोसायटीतनं गाडी भरून निघती, हितं येती तवा निम्मी. वाटंत भूत खातंय व्हय कचरा?"

मला भुताचा संशय नव्हता. तू कामाला आहेस त्या, कचरा जाळून वीज बनवणाऱ्या प्रकल्पाला ठरलेला कचरा रोज द्यावाच लागतो, करारच तसा आहे. आणि नुसत्या ओल्या कचऱ्यावर भट्टी धड पेटत नाही, हे तूच एकदा जेवताना बोलून गेलास. मी चपात्या लाटत होते, पण कान उघडे होते. तरी आधी नजर ठेवली ती गाडीवाल्या धम्मपालवर. बिचारा मला पाहून रस्ता बदलायला लागला.

मग मी सोसायटीतून निघणाऱ्या सुक्या कचऱ्याच्या गोण्यांची तोंडं आईच्या जुन्या इरकली लुगड्याचे काठ फाडून बांधली. सुतळी काय, सगळ्यांचीच सारखी. काठ कुठेही ओळखू येतो. तुला सांगितलं नाही. का नाही, ते तुझं तूच समज.

भाऊबीजेला तुझ्याकडे आले. तू आंघोळीला गेलास आणि मिनलने कौतुकाने धुऊन घडी केलेले काठ पुढ्यात ठेवले. "ताई, ह्यांनी कुठनं तरी आईंच्या लुगड्याचे काठ आणलेत. गोधडीला लाव म्हणतात." ओवाळताना मी तुला कुंकू लावायचंच विसरले. तू विचारलंस, तेव्हा मी उपाशी आहे म्हणाले.

नवनाथ, भट्टीच्या दारात आलेल्या गोण्या तू स्वतः सोडल्यास. काठ आईचा हे ओळखलंस, म्हणजे गोण्या कुणाच्या तेही ओळखलंस. चिंधी आगीत टाकवली नाही तुला, बहिणीचं काम टाकवलं. मला राग आलाय, आणि रागाहून जास्त वाईट वाटतंय.

वरून हुकूम असेल, नोकरीची भीती असेल. मान्य. पण आमच्या गाड्या तिकडे वळवायला कोण सांगतं, ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी वॉर्डाची बैठक आहे. शेड रिकामी का, हे मला विचारणार, आणि धम्मपालवर आळ घ्यायला सगळे टपलेत. मी खोटं बोलणार नाही. तू आलास तर तूच सांग. नाही आलास तर मला तुझं नाव घ्यावं लागेल.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
सुमनताई