पाचवर केलेली खूण

मंगळवार, संध्याकाळ

आज मी ट्रेनिंगला असलेल्या हॉटेलच्या भटारखान्यात मुख्य आचाऱ्यानं तेलातला झारा काढून भाकऱ्या करणाऱ्या महादूकाकांच्या मनगटावर दाबून धरला. भाकरी करपली, एवढंच कारण. पन्नाशीचा माणूस गुरासारखा ओरडला. कातडी झाऱ्याबरोबर निघून आली. कुणी जागचं हललं नाही. तोच झारा त्याच्या थोबाडावर हाणावा असं मला वाटलं, आणि मी कांदा चिरत राहिले.

माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय काय, तर हॉटेल कामगारांना कामावर किती सुरक्षित वाटतं. एक ते पाच आकडे, पाच म्हणजे अगदी सुरक्षित, हव्या त्या आकड्यावर खूण. सगळ्यांनी पाचवर केली होती. काकांनीही. सर म्हणाले होते, नुसते आकडे नकोत, माणसांशी बोल. मी म्हटलं, त्यात फार वेळ जातो.

मागच्या दारी काकांच्या हातावर पाणी ओतताना विचारलं, "मग पाचवर खूण का केलीत?"

"फॉर्म कुणी वाटलं हुतं, पोरी? त्येनंच की. डोस्क्यावर हुबा ऱ्हाऊन भरून घेतलं."

वाटायला आचाऱ्याच्या हातात फॉर्म मीच दिले होते. सोपं पडेल म्हणून.

आता मुलाखती घ्यायच्या. पहिली कुणाची? मागच्या महिन्यात त्याच आचाऱ्यानं माझ्या दंडावर उलथनं हाणलं, त्याच आठवड्यात कॉलेजनं आम्हा ट्रेनिंगवाल्यांकडून असाच फॉर्म भरून घेतला. मी खोलीत एकटी बसून भरला. पाचवर खूण केली.

माझ्या डोक्यावर तर कुणीच उभं नव्हतं.