छातीशी धरलेला खोका

मंगळवार, संध्याकाळ

"हातात धरून पाहिल्याशिवाय मॅग्नेट घ्यायचा नाही," लग्न होऊन मी आमच्या मॅग्नेटच्या दुकानात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. आज कारखान्यातून जास्त ताकदीच्या मॅग्नेटचे नमुने आले आणि सवयीने त्यांनी खोका छातीशी धरला. त्यांना पेसमेकर बसवून अजून महिना झाला नाही. मॅग्नेट लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी गिऱ्हाइकांसमोर खोका हिसकावला, घरी जा म्हटलं.

"घरी बसून काय भिंती मोजू?" म्हणाल्या.

होलसेलवाल्या गिऱ्हाइकांना आता हेच मॅग्नेट हवेत. मीच निवडले, ऑर्डरही दिली. तेव्हा सासूबाईंचा विचार कसा आला नाही मला? छातीशी धरलेला तो खोका डोळ्यांसमोरून हलत नाही.

सासूबाई देणार नाहीत, तरी उद्या त्यांच्याकडे मागणार आहे: "आई, दुकानाची किल्ली माझ्याकडे द्या."