चेंबरचे आटे

४ फेब्रु. ९६, रवि.
दुपारी शेजारच्या किराणा दुकानात आपल्यासाठी फोन. देशपांडे मॅडम, कोयनानगरहून. त्या इथं सांगलीत, मिस्टर तिकडं नोकरीला. काल संध्याकाळी हेळवाकच्या अलीकडे वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला. बाईंनी लगेच इंजिन बंद केलं. उतरून बघतात तर मागं रस्ताभर ऑइल. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट गायब. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून गाडी त्यांच्या मिस्टरांच्या क्वार्टरपर्यंत ओढत नेली.

काल सकाळी आपणच ऑइल बदलून दिलं होतं. जुनं ऑइल निथळल्यावर खालचा नट आण्णांनी आवळला. मी वर फिल्टर बसवत होतो.

आण्णांना माधवनगरला त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. “ढिला ऱ्हायला आसंल,” एवढंच म्हणाले. आण्णांचा नट ढिला? बारा वर्षांत एकदाही नाही.

उद्या सोमवार, गॅरेज बंदच. दोघं जातोय.

५ फेब्रु., सोम.
सहाची एसटी, कराडला बदलली. कोयनानगरला पोचायला साडेअकरा.

गाडीखाली शिरलो. नट ढिला राहिलेला नव्हता. भोकात बोट घातलं तर आटेच नाहीत. गुळगुळीत. कडेला अॅल्युमिनियमच्या केसासारख्या तारा. म्हणजे जास्त आवळला, आटे मेले, नट नुसता अडकून राहिला आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी गळून पडला. ह्या गाडीचा चेंबर लोखंडी नाही, जपून आवळावा लागतो. हे मला शिकवलं आण्णांनीच.

आणि आटे मरताना हाताला कळतं. पाना घट्ट घट्ट होत येतो आणि एकदम मऊ पडतो, ओल्या मातीतली खुंटी हलावी तसा. नवशिक्यालासुद्धा कळतं. आण्णांना कसं कळलं नाही?

मॅडम बाहेर उभ्या होत्या. “शनिवारी हा नट कोणी बसवला?”

मी म्हणालो, “मी.”

का म्हणालो ते सांगता येत नाही. विचार करून नाही म्हणालो. आण्णा पिशवीत पाने भरत होते. वर बघितलं नाही. 

मॅडम म्हणाल्या, “त्या वळणावर कठडासुद्धा नव्हता हो.” बस. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चेंबर उतरवला, गोणपाटात बांधला, बरोबर घेतला. कराड स्टँडवर चहा. ग्लास इतका तापलेला की मी रुमालात धरला. आण्णांनी सरळ मुठीत धरला आणि फलाटावरची पाटी वाचत सगळा प्यायले. सांगलीच्या गाडीत बसल्यावर बघतो तर दोन बोटांवर फोड.

“आण्णा, भाजलं की.”

त्यांनी बोटं डोळ्यांसमोर धरली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. मग हात खिशात घातला तो माधवनगर येईपर्यंत काढला नाही.

६ फेब्रु., मंगळ.
नवा चेंबर मागवायचा तर पुण्याहून, पंधरा दिवस. त्यापेक्षा भोक मोठं करायचं, मोठे आटे पाडायचे, त्यात आतून-बाहेरून आटे असलेलं लोखंडी बुश बसवायचं. नीट केलं तर मूळच्यापेक्षा मजबूत.

चेंबर रॉकेलनं धुतला, वाईसमध्ये धरला, ड्रिल मी मारलं. आटे पाडायचा टॅप आण्णांनी घेतला. मी नको म्हणायच्या आत घेतला. टॅपचं काम म्हणजे निव्वळ हाताचं. अर्धा फेरा पुढं, पाव मागं, चुरा तुटू द्यायचा, परत पुढं. जोर लावायचा नाही, टॅप काय सांगतो ते ऐकायचं. दुसऱ्या फेऱ्यालाच टॅप कलंडला. मला चार हातांवरून दिसत होतं. त्यांना कळेना. जोर लावत राहिले.

“आण्णा, थांबा. तिरका चाललाय.”

“मला शिकवतोस व्हय रं?”

गुण्या लावून दाखवला. बोटभर फट. आण्णांनी गुण्या बघितला, टॅप माझ्या हातात दिला, आणि बाहेर जाऊन स्कूटरवर रस्त्याकडं तोंड करून बसले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत.

मी टॅप उलटा फिरवून काढला, परत सरळ धरून पाडले आटे. वाचला चेंबर. थोडक्यात.

७ फेब्रु.
बुश लेथवर करून आणलं. छान बसलं. आतून चेंबरच्या तळाशी सपाट घासलं, नाहीतर ऑइल साचून राहतं. कडेला तीन ठिकाणी पंच मारून लॉक केलं.

आण्णा आज कामाचं बोलले, बाकी काही नाही.

घरी सुनंदाला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात कामाला, तिच्या लगेच ध्यानात आलं. “साखर आसंल. शिरा बधिर व्हत्यात त्यात. त्यास्नी तपासायला लावा.” मग भाकरी थापता थापता म्हणाली, “आन् त्या बाईला खोटं का सांगितलं?”

“माझ्या अंगावर घेतलं. कुणाचं काय गेलं त्यात?”

तिनं तवा जोरात आपटला.

खोटं का सांगितलं, हे मला तिला समजावून सांगता आलं नाही. ८४ साली आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन वडूजहून आलो तेव्हा चार गॅरेजं फिरलो होतो. गाव विचारायचे, मग आडनाव, मग म्हणायचे कळवू. पाचवं गॅरेज आण्णांचं. ते तेव्हा फौजेतून नुकतेच आलेले. मी आपणहून आडनाव सांगायला लागलो तर पाना पुढं केला. “ते इंजिनाला कळत न्हाई. आवळून दाव.” आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी. बोर्डावर आज दोघांची नावं आहेत. अशा माणसाला मी काय सांगू, की तुमचा हात गेला?

११ फेब्रु., रवि.
परत कोयनानगर. चेंबर चढवला, नवं पॅकिंग, नवा नट, तांब्याचा वायसर. आवळताना आण्णा बॅटरी धरून होते. मी आवळला. त्यांनी काही सूचना केली नाही. बारा वर्षांत प्रथमच.

ऑइल भरलं, अर्धा तास इंजिन चालवलं, खाली कोरा कागद पसरून ठेवला. एक थेंब नाही. इंजिनाचा आवाजही स्वच्छ. मॅडमनी वेळेवर बंद केलं म्हणून वाचलं. महिन्यानं पुन्हा ऑइल बदलून घ्या म्हणालो, आत बारीक चुरा राहिला असला तर निघून जाईल.

मॅडम म्हणाल्या, “आणते. पण स्पष्ट सांगते, राग मानू नका. ह्यापुढे माझ्या गाडीला आण्णाच हात लावतील. तुम्ही नाही.”

मी हो म्हणालो. आण्णा तिथंच होते.

परतीच्या गाडीत आण्णा कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. कराडच्या पुढं एकदा, “विलास,” म्हणाले. मी म्हणालो, काय? “काय न्हाई.”

१३ फेब्रु., मंगळ.
आण्णा आले नाहीत. निरोपही नाही. दोन गाड्या परत पाठवल्या.

१५ फेब्रु., गुरु.
आजही नाहीत, म्हणून संध्याकाळी माधवनगरला गेलो. वैनींनी दारातच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरनं साखर सांगितली होती. गोळ्या डब्यात तशाच. “घरात कुणी नाव काढायचं न्हाई त्येचं.”

आण्णा मागच्या अंगणात. माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

“दिवाळीपास्नं हाय. हातमोजं घालून काम केल्यागत. आदी वाटलं थंडीनं आसंल.”

मी शेजारी बसलो.

“त्या दिवशी पाना मऊ पडला का न्हाई, मला म्हाईतच न्हाई रं. म्या आपला आवळत गेलो. फौजेत डोळं बांधून कारब्युरेटर जोडायचो, पैज लावून.” थांबले. “तू ‘मी’ म्हणलास तवा मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. त्येचीच लाज वाटतीया. गॅरेजला कुठल्या तोंडानं येऊ?”

मी म्हणालो, “आवं आण्णा, तुमच्यासाठीच म्हणालो की.”

“व्हय. पर तुला म्या कवा सांगितलं व्हतं?”

 वैनींनी चहा आणला, बशीत निववून.

१९ फेब्रु., सोम.
सुट्टी. दिवसभर घरी. मन लागलं नाही. सु. म्हणाली आण्णांना तिच्या दवाखान्यात आणा, ती नंबर लावते. निरोप दिलाय.

२२ फेब्रु., गुरु.
देशपांडे मॅडम आल्या. गाडी न घेता, चालत. मी एकटाच होतो.

“आण्णा परवा घरी आले होते. त्यांनी सगळं सांगितलं.”

मला वाटलं माझ्याबद्दल काही चांगलं बोलतील. खरंच वाटलं तसं, लिहायला लाज वाटते.

“तुम्ही खोटं का बोललात?”

म्हणालो, मोठे आहेत, माझे गुरू आहेत.

“ते झालं तुमचं. पण तुमच्यावर विश्वास ठेवून मी काय ठरवलं? की पुढचं काम आण्णांनीच करायचं. ज्या हाताला कळत नाही, त्याच हातात मी गाडी देणार होते. परत त्याच रस्त्याला जाणार होते. आणि तुम्ही मान डोलावून हो म्हणालात. आठवतंय?”

आठवत होतं.

त्या गेल्यावर बाकड्यावर बसलो. बाईंचा चेहरा मला त्या दिवशी दिसलाच नव्हता. मला फक्त आण्णा दिसत होते. सु. नं तवा का आपटला ते आता कळलं.

आणि दुसरं. दिवाळीपासून म्हणजे एकट्या मॅडमची गाडी नाही.

२३ फेब्रु., शुक्र.
सकाळी आण्णा आले. दहा दिवसांनी. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट, लग्नाला निघाल्यासारखे. मी म्हणालो, दिवाळीपासून तुमी एकट्यानं ऑइल बदललेल्या गाड्या सांगा. त्यांनी खिशातून कागद काढला. घरी बसून आठवून लिहिलेला. अकरा.

दोघांच्या डोक्यात एकच आलं होतं. 

२७ फेब्रु., मंगळ.
अकरापैकी आठ झाल्या. घरी जाऊन किंवा इथं बोलावून. आण्णा प्रत्येकाला स्वतः सांगतात: माझ्या बोटांत दोष हाय, म्हून तपासाय आलोय. मी खाली शिरतो. सहा ठीक. एक ढिला. मिरजेच्या एका डॉक्टरांच्या गाडीचा नट हातानं फिरला, आटे अर्धे गेलेले. रोज येतात-जातात ते. तोही चेंबर उतरवला.

एक जण चिडला. “इतके दिवस झोपला होता का?” उद्यापासून दुसरीकडं जातो म्हणाला. आण्णा म्हणाले, “जावा सायेब. पर आदी नट बघू द्या.” बघू दिला. बरोबर होता. तरी गेला.

परत येताना आण्णा स्कूटरवर मागं. कानाशी म्हणाले, “बंदुकीपेक्षा ह्ये आवघड हाय गड्या.”

२ मार्च, शनि.
दवाखाना. साखर खूप. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून टाचणी टोचली. उजव्या हाताची तीन बोटं काहीच सांगत नाहीत, अंगठा थोडं सांगतो. डावा हात त्यामानानं बरा. बोटांची जाण परत येईल का? साखर आवरली तर थोडं येईलही, नाहीतर आहे हे तरी टिकेल. खात्री नाही.

आण्णांनी विचारलं, “पाना धरू का नगं?”

डॉक्टर हसले. म्हणाले, ते मी कसं सांगू?

सगळ्या अकरा झाल्या. शेवटच्या तीन ठीक.

८ मार्च, शुक्र.
आता कामाची वाटणी अशी. आवाज ऐकणं, प्लग बघणं, टायमिंग लावणं आण्णा. कान अजून माझ्या दुप्पट. आवळायचं सगळं मी. ठरवून नाही झालं, होत गेलं. पण मी आवळताना ते तोंड दुसरीकडं करतात. मला पाना जड लागतो.

आज चुलत सासरे आले होते, म्हणाले आता गॅरेज तुझंच. आण्णा आत होते. ऐकू गेलं असणार.

१६ मार्च, शनि.
देशपांडे मॅडम सकाळी गाडी घेऊन आल्या. महिना झाला, ऑइल बदलायला. दुपारी कोयनानगरला निघायचंय. मला वाटलं होतं आता आमच्याकडं येणार नाहीत. किल्ली टेबलावर ठेवली. मला विचारलं, “तुम्हीच करणार ना?” मी हो म्हणालो. ह्या वेळी खरं.

जुनं ऑइल निघालं, चुरा नाही. बुश जिथल्या तिथं, कडेला ऑइलचा घाम नाही. नवा वायसर घातला, नट हातानं लावून घेतला. पाना घ्यायला वळलो तर आण्णा पाना घेऊन उभे.

“मॅडम,” ते म्हणाले, “म्या आवळून बघू का? ह्यो तपासंल. तुमी नगं म्हणला तर नगं.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, ना होय ना नाही. त्यांची गाडी, त्यांचा रस्ता.  मग म्हणाल्या, “मी समोर उभी राहणार. आणि शेवटचा पाना विलासचा.”

आण्णा खाली गेले. पाना डाव्या हातात. आणि डोळे मिटलेले. इतका हळू आवळताना मी त्यांना कधी बघितलं नाही. बाहेर येऊन बाजूला झाले. म्हणाले, “बघ.”

मी आडवा झालो, पाना लावला. जागेवर होता. ना कमी, ना जास्त. दोनदा बघितला.

“आज बरोबर हाय, आण्णा.”

“आज,” ते म्हणाले.

मॅडमनी वाकून स्वतः नटाला हात लावून बघितला, किल्ली घेतली, गेल्या. आण्णांनी पाना फडक्यानं पुसला, माझ्या हातात दिला, आणि फाटकाशी उभी असलेली दुसरी गाडी आत घ्यायला सांगितली.