आबांचा आवाज आणि बबनरावांची जीप

२५ मार्च १९६२, रविवार

डॉक्टरांनी काल तारीख दिली — तीस एप्रिल. आबांच्या घशातली गाठ काढायची तर आवाज कायमचा जाणार, हे सरळ सांगितलं. आता तरी कुठं राहिलाय? नुसती कुजबुज. चाळीस वर्षं गावोगाव पायी येशूचा उपदेश करत फिरलेला माझा बाप, आणि पाणी हवं असलं की ताट वाजवतो.

पुण्याहून येताना एस.टी.त त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "गिदोन, दौंडात एकदा मोठ्यानं बोलायचं हाय. ईस्टरला. मग खुशाल कापू दे त्यास्नी."

मी हो म्हणून बसलो. मोठ्यानं! कसं, ते ठाऊक नाही. पण करणार.

२७ मार्च

वडगाव रासाईचे बबनराव शिरूरला आमच्या वर्कशॉपात आले. सोसायटीच्या निवडणुकीला उभे आहेत. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतलीय, बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगा पुण्याहून आणलाय. "हे गाडीत बसवून द्या. काय घ्याल?"

मी म्हटलं, काही नको. ईस्टरच्या दिवशी जीप द्या, दौंडला न्यायला.

"तुमच्या येशूच्या परचाराला व्हय?"

"आबांच्या आवाजाला."

आबांना ते लहानपणापासून बघत आलेत. "देतो. पर माझ्या सभंत भोंगा बंद पडला, तर जीपचं इसरायचं." ठरलं.

३० मार्च

फ्यूजची पेटी, कंडेन्सर, वायरी — सगळं बॉनेटखाली, मडगार्डच्या पत्र्यावर लाकडी पट्टी मारून तिच्यावर बसवलं. इंजिन सुरू करून माइकवर ओरडलो. झकास! मग आबांसारखा कुजबुजलो आणि आवाज पुरता चढवला. डायनामोची शीळ, पत्र्याची थरथर, वायरींची खरखर — माझा शब्दच कुठं नाही.

बबनरावांची माणसं ओरडणार, त्यांचं काही अडत नाही. पण कुजबुज मोठी करायची तर तिच्याबरोबर गाडीतली एकूण एक ढिली वस्तू मोठी होते. इंजिन बंद ठेवावं, तर ही म्हातारी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. म्हणजे इंजिन चालू हवं आणि आवाजही स्वच्छ हवा. दोन्ही होणार.

१ एप्रिल, रविवार

उपासनेला देवळात गेलो नाही. आई रुसली. लाकडी पट्टी उपटली, पेटीखाली ट्यूबचं रबर घातलं. आणि अर्थिंगची तार मी चक्क रंगावरच आवळली होती! शिकाऊ पोरगंही असं करणार नाही. रंग खरवडून लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळली. शीळ अर्धी गेली. अर्धी आहे.

३ एप्रिल

उरलेली शीळ गिळायला मोठा कंडेन्सर हवा. शिरूरात मिळेना, म्हणून दौंड गाठलं. मिळाला.

परत येताना मुद्दाम रेल्वेच्या क्वार्टरांवरून आलो. राहेल नळावर होती. माझी सख्खी बहीण, आणि मी सायकलवरून उतरलोदेखील नाही.

सात वर्षं झाली. तिनं मच्छिंद्र फायरमनशी लग्न केलं. तो आपल्यातला नव्हे. पुढच्याच रविवारी आबांनी देवळात उभं राहून, बाप म्हणून स्वतःचंच नाव घेत सांगितलं, "शलमोनाची मुलगी राहेल आजपासून या मंडळीत नाही." तेव्हा आबांना भोंगा लागत नव्हता. बाहेर रस्त्यावरच्या टांगेवाल्यालाही ऐकू गेलं. मी दुसऱ्या बाकावर होतो. उठलो नाही. याची लाज अजून गेली नाही, आणि आबांवरचा रागही. तरी त्यांच्यासाठी हात काळे करतोय. घरात तिचं नाव कोणी काढत नाही.

५ एप्रिल, गुरुवार, पाडवा

सत्यानाश.

जीप पोचवायला वडगावला गेलो. दारात गुढी, माणसं जमलेली. बबनरावांच्या आई सरूबाई आरती घेऊन आल्या. मला वाटलं, बंपरला हळदकुंकू लावतील आणि झालं. पण त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. "इंजान म्हंजी गाडीचं काळीज. पूजा काळजाची करायची का पत्र्याची?" जे जे चकचकीत दिसलं त्याला कुंकू लागलं. मग तिथंच लोखंडावर आपटून नारळ फोडला आणि सगळं पाणी आत ओतलं. नेमकं माझ्या पेटीत.

बबनराव माइक धरून "मंडळी —" म्हणाले आणि फट्! धूर निघाला. मागून कोणीतरी म्हणालं, "किरिस्तावाच्या हातचं. देवाला चाललं न्हाई."

बबनराव एवढंच म्हणाले, "गिदोन, जीपचं इसरा."

६ एप्रिल

सकाळपर्यंत नारळाला शिव्या दिल्या. मग कबूल केलं — चूक माझी. पेटी बसवली ती तोंड वर करून! आज नारळाचं पाणी गेलं, आषाढात पावसाचं गेलं असतं. गाडी त्यांची, देव त्यांचा. नारळ तर फुटणारच. तो धरूनच काम करायला हवं होतं.

सायकल काढली आणि थेट वडगाव. बबनरावांना म्हटलं, आजचा दिवस द्या. पेटी उचलून ड्रायव्हरच्या पायांपुढच्या जाड पत्र्यावर नेली, उभी. चार बोल्ट, चारींना स्प्रिंग वॉशर. वायरी खालून आत घेतल्या, म्हणजे पाणी वायरीवरून उतरलं तरी खालीच गळेल. वरून ट्यूबचं झाकण. वायरी जिथं पत्र्यातून जातात त्या भोकाला रबर, आणि डायनामोपासून लांब नेऊन चामड्याच्या पट्ट्यांनी आवळल्या. जळालेल्या वायरी बदलल्या, दौंडहून आणलेला मोठा कंडेन्सर बसवला. सगळं हातानं हिसडून पाहिलं. हललं नाही.

मग सरूबाईंना म्हटलं, "मावशी, आणखी एक नारळ फोडा. कालच्याच जागी."

"आरं, पाडवा झाला की काल."

"माझ्यासाठी फोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आतून नारळ आणला. फोडला, ओतला, कसर ठेवली नाही. पाणी पत्र्यावरून उतरून जमिनीवर गेलं. इंजिन चालू होतंच. मी माइक तोंडाशी धरून कुजबुजलो, "सरूमावशी." गोठ्यातल्या गड्यानं मान वर केली.

बबनराव हसत सुटले. "जीप तुमची. ईस्टरला घेऊन जावा."

११ एप्रिल

चार सभा झाल्या. एकदाही बंद नाही.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार, ईस्टरला एक आठवडा

बबनरावांनी जीप तासभर आमच्या दारात उभी केली. आबा पुढं बसले. माइकवर "एक, दोन" म्हणाले. त्यांचाच आवाज, फाटका, पण गल्लीच्या टोकापर्यंत! आई चुलीपुढून उठून आली आणि दारातच रडायला लागली. मलाही आवरलं नाही. आबांनी मात्र भुवया वर करून भोंग्याकडे नुसतं पाहिलं.

मग म्हणाले, जीप देवळापाशी नको, रेल्वेच्या मैदानात लावायची. मी वैतागलो. मंडळी देवळात असणार. मैदानात ऐकायला आहे कोण, गाढवं?

"ऐकतील," म्हणाले. हट्टी माणूस. मी त्यांचाच.

२२ एप्रिल, ईस्टर

मैदानात जीप लावली. इंजिन चालू ठेवलं. आबांनी पवित्र शास्त्र उघडलंच नाही. भोंगा क्वार्टरांकडे वळवायला लावला.

"राहेल शलमोन. सात वर्षांमागं मी तुझं नाव मोठ्यानं घेतलं व्हतं. चुकलं माझं. ते मोठ्यानंच सांगाया पायजे व्हतं, म्हणून आलोय. घरी ये, बाई. मच्छिंद्रालाबी आण."

कुठंही खरखर नाही. एकूण एक शब्द गेला.

तिसऱ्या क्वार्टरातून मच्छिंद्र बाहेर आला. जीपपाशी येऊन उभा राहिला. "आबा, ती लुगडं बदलतीया. थांबा म्हणली."

मी इंजिन बंद केलं.