चार नंबरच्या दोन मुली

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी १९८६

प्रिय शकुताईस,
तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा, कमलचा, पडल्या जागेवरून नमस्कार.

आज सकाळी पाय उशीवर ठेवून पडले होते, तेव्हा आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या पायऱ्या आठवल्या. कॅनव्हासचे बूट पांढरे करत बसलो होतो. तुझ्या मांडीवर माझा बूट, माझ्या मांडीवर तुझा, आणि आतून सिस्टर सांगत होत्या की तोंडं कमी चालवा. त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं, तरी आठवलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त उजवा पाय प्लॅस्टरमध्ये आहे. तो तिथे कसा गेला ते ओघाने येईल.

तुला ठाऊकच आहे की आमच्या पंख्यांच्या कंपनीने बायकांचा बास्केटबॉलचा संघ काढलाय. चार मुली मिळाल्या, गार्ड मिळेना (चेंडू घेऊन येते, कुणाला द्यायचा ते ठरवते आणि बाकीच्या चौघींना खेळवते ती, आपल्या शाळेत तू होतीस ती). जागा एकच, पण कायमची, कारकुनाची. कॉलेजच्या मुलींमधून गार्ड निवडायचं काम आमचे वेल्फेअर ऑफिसर दत्ताराम सामंत यांच्याकडे आलं. ते कॅरमचे. त्यांच्या मते उंच मुलगी घ्यावी, म्हणजे मॅच नसेल तेव्हा वरच्या रॅकमधल्या फायली तरी काढेल. म्हणून त्यांनी मला जोडीला घेतलं. मी कॉन्व्हेंटची, कधीकाळी खेळलेली, आणि निवृत्तीला एकच वर्ष उरल्यामुळे कुणाला न घाबरणारी. तूही त्याच आठवड्यात नातीसाठी निरोप धाडलास, "आमच्या अनुपमाकडे जरा बघ गं." बघितलं, शकुताई. चांगलं दोन तास बघितलं.

घाटकोपरला तिच्या कॉलेजचा सरावाचा सामना होता. यादीत चार नंबरपुढे अनुपमाचं नाव. मी मैदानाच्या पलीकडच्या बाकावर वही घेऊन बसले (दूरचा चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, हे सामंतांना सांगू नकोस, मला चेहरे नाहीत, जर्सीवरचे आकडे दिसत होते). मध्यंतरापर्यंत चार नंबरने माझे डोळे निववले. मैत्रीण उभी असते तिथे नाही, ती पोचणार असते तिथे चेंडू टाकायची, आणि टाकताना बघायची भलतीकडेच. मी वहीत भराभर लिहिलं. मध्यंतरानंतर तीच चार नंबर डाव्या हाताने चेंडू पुढे नेऊ शकेना. तीन पास हुकले. मी लिहिलं, "मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला असावा." पण हुकलेल्या प्रत्येक पासामागे ती स्वतः धावली, कुणावर खेकसली नाही, हेही लिहिलं. एकूण गुण दहापैकी आठ. "नैसर्गिक गार्ड, वडा टाळावा."

शुक्रवारी कंपनीच्या मैदानात चाचणी होती. अनुपमा आली, तिच्याच संघातली जयंती कांबळे आली. जयंती गोवंडीची. आई, शेवंतीबाई, एका प्रसूतिगृहात आया आहे. घरात अजून कुणाला कायमची नोकरी लागलेली नाही. मुली चेंडूला हात लावणार एवढ्यात मला बुद्धी झाली, की एका पायावर गिरकी कशी घ्यायची ते आपण दाखवावं. साडी गेली एकीकडे, घोटा एकीकडे. दोघी मुलींनी मला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं आणि चाचणी तिथेच संपली. सामंत म्हणाले, "कमलबाई, आता तुमच्या वहीवरच ठरवू." आणि माझ्या सुजलेल्या पायाशी बसून त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं. नंबर चार, अनुपमा, अभिनंदन.

तुझी नात म्हणाली, "कमलआजी, मध्यंतरापर्यंतची मी नव्हे. आमच्या कॉलेजकडे धड जर्सी पाचच आहेत. बदली मुलगी आत जाते तेव्हा बाहेर येणारीच्या अंगावरची घालते. यादीत एका नंबरपुढे एकच नाव बसतं, ते माझं पडलं. आधीची चार नंबर जयंती. वडेवाली मी."

सामंत तिला हळूच म्हणाले, "अगं ए, नोकरी मिळतेय ना? मग गप बस की."

"गप बसेन हो साहेब. पण पहिल्याच मॅचला सगळ्यांना कळेल त्याचं काय?"

जयंती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्याकडे बघवेना. मी सामंतांकडून फॉर्म घेतला आणि जयंतीचं नाव लिहिलं. घोट्यापेक्षा ते जास्त दुखलं, कारण लिहिताना तू डोळ्यांपुढे होतीस.

तुझी,
कमल

ता. क. अनुपमाने घरी "निकाल लागायचाय" असं सांगितलं असणार. निकाल वर आहे. तिला रागवू नकोस. हातातली नोकरी तिने स्वतःच्या तोंडाने सोडली. असली गार्ड मला दहा सामन्यांत दिसली नसती.

ता. क. २. खरं म्हणजे एवढं लांबलचक पत्र याचसाठी. पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघतेय. तेव्हा मी निवृत्त असेन, म्हणजे मावशीआजीने लावलं असं कुणी म्हणणार नाही. तिचा डावा हात तू तयार कर. गुडघे सांगू नकोस, खुर्चीत बसून ओरडता येतं.

ता. क. ३. सामंत घाटकोपरला उतरतात, त्यांच्याबरोबर पिशवी देतेय. आंब्याचं लोणचं तुझं. नारळाच्या वड्यांचा मोठा डबा जयंतीच्या हाती शेवंतीबाईंना पोचव, लहान घरात ठेव. पाकिटात वहीचं मध्यंतरानंतरचं पान आहे, ते अनुपमाचं. वड्याची ओळ खोडलीय, धावण्याची ठेवलीय.